माथ्यापलीकडचं अंतर

हे सावकाश वाचा. मध्येच थांबावंसं वाटलं तर थांबा, अंक खाली ठेवा, मग पुन्हा उचला. आज आपल्याला एक चढ चढायचा आहे आणि त्याच्या माथ्यावर रेंगाळायचं आहे. गाडीत असताना तो माथा काही सेकंदांत मागे पडतो. आपण तेवढ्याच जागेत थोडा वेळ घालवू.

मनात एक रस्ता आणा. दुपदरी, गावांमधून जाणारा. मी मुंबई–गोवा महामार्ग आणतो, चौपदरी होण्याआधीचा. चढउतार समजून घ्यायला त्याच्याइतका चांगला रस्ता मला ठाऊक नाही. सह्याद्रीतून समुद्राकडे धावणाऱ्या नद्या तो एकामागून एक ओलांडतो: महाडला सावित्री, खेडला जगबुडी, चिपळूणला वाशिष्ठी, पुढे संगमेश्वराजवळ शास्त्री, राजापूरला अर्जुना. दोन नद्यांच्या मध्ये डोंगराची सोंड आडवी येते. म्हणून रस्ता नदीपाशी उतरतो, पूल ओलांडतो, सोंडेवर चढतो, माथा गाठतो आणि पुन्हा पुढच्या नदीकडे उतरतो. तुमच्या मनात बालाघाटातला रस्ता येईल, पुरंदरातला येईल. जो रोज पायाखालचा आहे तोच आणा.

आता चढाला लागा. दोन्ही बाजूंना कापलेला जांभा, त्यावर वाळलेलं गवत. समोर डांबराची पट्टी वर वर जाते आणि एका जागी संपते. तिथे एक कड आहे, आणि कडेला लागून आकाश. त्या कडेवर नजर ठेवा. पलीकडे काय आहे?

आपल्याला ते दिसत नाही. तरीही पाय ॲक्सिलरेटरवरून निघत नाही. आपल्यातले बहुतेक जण माथ्यावर वेग कमी करत नाहीत, उलट चढ संपत आला म्हणून थोडा वाढवतात. याला बेफिकिरी म्हणून सोडून देऊ नका. त्यामागे एक विश्वास आहे: रस्ता ज्याने बांधला त्याने पलीकडचं बघून ठेवलं असेल. हा विश्वास ज्याच्यावर टाकला, तो माणूस आपल्याला कधी भेटलेला नाही. त्याच्याकडे आज जरा वेळ बघू.

त्याने उन्हात तिपाईवर लेव्हल लावली. पुढे कुणीतरी स्टाफ, म्हणजे मोजमापाची उभी पट्टी, धरून उभा राहिला. ठरावीक अंतरावर जमिनीची उंची नोंदली गेली. मग एल-सेक्शन, म्हणजे रस्त्याचा लांबीतला उभा छेद, काढलं गेलं. त्यावर चढाची एक सरळ रेघ, उताराची दुसरी, आणि दोन्ही मिळतात तिथे एक टोक. गाडी त्या टोकावरून जाऊ शकत नाही, म्हणून ते टोक गोल करायचं. ही गोलाई पॅराबोलाची असते, कारण तिच्यावर चढ ठरावीक गतीने कमी होत जातो आणि उताराला मिळतो. प्रश्न एवढाच उरतो की गोलाई किती लांब ठेवायची. माथ्याचा सगळा जीव या एका प्रश्नात आहे.

याचं उत्तर देणारी माणसं माथ्यावर दोन गोष्टी कल्पून बघतात. एक डोळा आणि एक वस्तू.

आधी डोळा. तुम्ही आत्ता बसला असाल तर तुमचे डोळे जमिनीपासून किती उंच आहेत, याचा अंदाज घ्या. खुर्चीत बसलात तर बहुधा मीटरभराच्या वर. मोटारीतही जवळपास तितकेच. इंडियन रोड्स काँग्रेसने आपल्या देशासाठी ही उंची १.२ मीटर धरली. ट्रकवाला याहून बराच उंच बसतो, त्याला पलीकडचं आधी दिसतं. पण भरलेला ट्रक थांबायला वेळही जास्त लागतो. म्हणून हिशेब लहान गाडीतल्या माणसाचा करतात.

या संस्थेविषयी एक गोष्ट इथे सांगावीशी वाटते. हिंदुस्थानातल्या रस्त्यांचा विचार करायला १९२७ मध्ये समिती नेमली गेली, तिचे अध्यक्ष बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते. पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झालेले तेच जयकर. त्या समितीच्या शिफारशींतून १९३४ च्या डिसेंबरात इंडियन रोड्स काँग्रेस उभी राहिली. विद्यापीठातल्या जयकर ग्रंथालयामुळे ते नाव आपल्या ओठांवर आहे. आपण रोज ज्या रस्त्यावरून जातो त्याच्या मोजमापांमागेही ते आहे, हे कुणी फारसं सांगत नाही.

आता वस्तू. रस्त्यावर पडलेली, पलीकडच्या उतारावर. ती केवढी मानायची? आपल्याकडे थांबण्याच्या हिशेबासाठी ती १५ सेंटीमीटर उंच मानतात. वीत उघडून बघा. त्याहून थोडी कमीच. डोळ्यापासून निघालेली नजर माथ्याच्या डांबराला घासून पुढे जाते आणि या वस्तूच्या टोकाला टेकते. तेवढी एक सरळ रेषा मिळाली पाहिजे.

किती लांबून मिळाली पाहिजे? हे अंगाने समजून घेऊ. ताशी ८० किलोमीटर वेग धरा. समोर काहीतरी दिसलं. ते काय आहे हे कळायला, थांबायचं ठरवायला आणि पाय ब्रेकवर जायला हिशेबात अडीच सेकंद धरतात. मनात मोजा. एक. दोन. आणि अर्धा. एवढ्यात गाडी ५५ मीटर पुढे गेली आणि ब्रेक अजून लागलेलाही नाही. त्यापुढे टायर आणि डांबर यांच्यातलं घर्षण आपलं काम करणार. ८० च्या वेगाला एकूण १२० मीटर दिसायला हवेत, असं आपलं मानक सांगतं. १०० च्या वेगाला १८०.

आता चढ शंभराला तीन आणि पलीकडचा उतारही शंभराला तीन असा एक साधा माथा घ्या. १२० मीटरवरून तो वीतभर दगड दिसायचा तर गोलाई सुमारे १९६ मीटर लांब लागते. त्यासाठी दोन रेघांच्या टोकाखाली साधारण दीड मीटर उतरावं लागतं. दीड मीटर म्हणजे खांद्याच्या वर, हनुवटीपर्यंत. एवढा जांभा किंवा मुरूम काढला की माणसाला थांबण्यापुरतं दिसतं. मला हा आकडा फार दिलासा देणारा वाटतो. जीव वाचवायला डोंगर फोडावा लागत नाही, हनुवटीएवढी खोदाई पुरते.

पण इथून निघू नका. या १९६ मीटरच्या माथ्यावरच अजून थोडं थांबा, कारण त्याला काय दिसत नाही हेही बघायचं आहे.

खड्डा दिसत नाही. खड्ड्याला उंचीच नसते. या गोलाईवर डांबराचा पृष्ठभाग जेमतेम ८८ मीटरवरून दिसतो, आणि थांबायला हवेत १२०. पावसाळ्यात माथ्यापलीकडे पाण्याने भरलेला खड्डा असेल तर ज्याने रस्ता आखला त्याने तो तुम्हाला वेळेवर दाखवायचं वचन दिलेलंच नाही. खड्डाही वेळेवर दिसावा असं म्हटलं तर गोलाई ३६० मीटर लागली असती. म्हणूनच मी म्हणेन, माथ्यानंतरच्या पहिल्या शे-दीडशे मीटरचे खड्डे बाकी सगळ्या रस्त्याच्या आधी बुजवले पाहिजेत. माथ्याला मिळालेलं माप हा रस्ता सपाट राहील असं धरून दिलेलं आहे.

दुसरी गोष्ट अधिक भीतीदायक आहे. दुपदरी रस्ता आहे, समोरून कुणीतरी ट्रक ओलांडत तुमच्या बाजूला आलं आहे. दोन मोटारी, दोघांचे डोळे १.२ मीटरवर. या माथ्यावर ते डोळे एकमेकांना सुमारे १७७ मीटरवरून भेटतात. तुम्हाला थांबायला १२० हवेत, त्यालाही १२०. दोघांनी अगदी बरोबर वागून, त्याच क्षणी ब्रेक दाबूनही २४० लागतात. साठेक मीटर कमी पडतात. हे परत एकदा वाचा. दोघांपैकी कुणी पुढे चूक केली नाही तरी ते भेटतात.

म्हणून मानकांत आणखी एक अंतर आहे, थांबण्याच्या अंतराच्या दुप्पट. ८० ला २४०. त्यासाठी गोलाई ३६० मीटर, खोदाई पावणेतीन मीटरच्या आसपास. आणि समोरचा मोकळा रस्ता बघून निर्धास्त ओव्हरटेक करता यावं असं वाटत असेल तर ८० ला ४७० मीटर दिसायला हवेत. त्याला आपल्या याच माथ्यावर गोलाई जवळजवळ १३८० मीटर लागते आणि खोदाई दहा मीटरच्या वर जाते. तीनमजली घर बुडेल एवढी.

दीड मीटर, पावणेतीन मीटर, दहा मीटर. ही तीन खोलींची माती मनात शेजारी शेजारी ठेवा. डोळ्याची आणि वस्तूची उंची तीच ठेवून पाहिजे असलेलं अंतर दुप्पट केलं की लांबी चौपट होते, हा भूमितीचा नियम त्यामागे आहे. वेग वाढला की ते अंतरही वाढतं. त्याच माथ्यावर ८० ऐवजी १०० ने सुरक्षित जायचं म्हटलं तर थांबण्यापुरत्या गोलाईलाही १९६ ऐवजी ४४० मीटर लागतात. वेग पाव पटीने वाढला आणि माथा दुपटीहून लांब झाला. जुन्या रस्त्यावर नवं, गुळगुळीत डांबर टाकलं की गाड्या आपोआप वेगाने जातात, पण माथा जुन्याच वेगाचा राहतो. नुसतं डांबर बदललेला रस्ता मला म्हणूनच जुन्या खडबडीत रस्त्यापेक्षा धोक्याचा वाटतो.

निव्वळ ओव्हरटेकसाठी दहा मीटर सहसा कुणी खोदत नाही. तिथे मग रस्त्याच्या मधोमध अखंड रेघ ओढतात. ती रेघ दिसली की एक गोष्ट आठवा: तिथे जमिनीने जे काम करायचं होतं ते तुमच्या संयमावर सोपवलेलं आहे. रेघ ओढणाऱ्याला मी दोष देत नाही, प्रत्येक डोंगर कापता येत नाही. पण पुसट झालेली रेघ हा मात्र दोष आहे. जिथे माती कापली नाही आणि रेघही राहिली नाही, तिथे माणसाला काहीच सांगितलेलं नसतं.

आता पुन्हा त्या वीतभर वस्तूकडे या. तिच्यात बरंच काही दडलं आहे.

अमेरिकेतल्या महामार्ग अभियंत्यांनी १९४० मध्ये डोळा साडेचार फुटांवर धरला आणि वस्तू चार इंचांची. मग मोटारी बसक्या होत गेल्या. १९६५ पर्यंत डोळा पावणेचार फुटांवर आला आणि वस्तू सहा इंचांची झाली, पुढे १९८४ मध्ये डोळा साडेतीनवर आला. १९९७ मध्ये तिथल्या एका मोठ्या अभ्यासाने विचारलं की रात्री पुढे जाणाऱ्या गाडीचे मागचे लाल दिवे दिसले तर पुरे नाही का. ते दिवे दोन फुटांवर असतात. शिवाय सहा इंचांची वस्तू एवढ्या लांबून नीट ओळखूच येत नाही, हे खरंच आहे. १५ सेंटीमीटरचा दगड १२० मीटरवरून म्हणजे हात लांब करून धरलेल्या पाऊण मिलिमीटरच्या ठिपक्याएवढा. त्यामुळे २००१ पासून त्यांच्या मानकात वस्तू दोन फुटांची आहे, आणि माथे कमी कापून भागतं.

त्यांचा तर्क त्यांच्या रस्त्यांना शोभतो. आपल्या रस्त्यावर तो लावून बघू. दोन फुटांची वस्तू धरली तर आपल्या माथ्याची गोलाई १९६ वरून सुमारे १२४ मीटरवर येईल, अर्धा मीटर खोदाई वाचेल. मात्र त्या आखूड माथ्यावर वीतभर दगड दिसेल ९५ मीटरवरून. पंचवीस मीटर गेले.

आणि आपल्याकडे तो दगड कल्पनेतला नाही. चढावर ट्रक बंद पडतो. क्लीनर खाली उतरतो, चाकांमागे धोंडे लावतो, मागे रस्त्यावर दगडांची रांग मांडतो, झाडाची फांदी खोचतो. गाडी दुरुस्त होते, ट्रक निघून जातो. दगड तिथेच राहतात. बंद पडायची जागा पुष्कळदा चढाच्या शेवटी, माथ्याजवळ, कारण तोवर सगळ्या चढाचा ताण इंजिनावर साचलेला असतो. ज्या जागी सर्वांत कमी दिसतं नेमक्या त्या जागी आपण वीतभर उंचीच्या वस्तू ठेवून जातो. दुचाकीवाल्याला तर वीतभरही नको, मुठीएवढा धोंडा पुरतो.

लाल दिव्यांचा भरवसाही आपल्याला नाही. घाटावर उसाच्या हंगामात एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या असतात, आणि मागच्या ट्रॉलीला दिवा क्वचितच. बैलगाडी, ढकलत नेलेली सायकल, डोक्यावर मोळी घेतलेली बाई, रस्ता ओलांडणारी म्हैस. रात्री समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्यांचा उजेड माथ्यावर आधी पसरतो, ती निदान आपली चाहूल देते. पण चढ चढत असताना तुमचा स्वतःचा झोत आकाशात जातो, आणि ज्याच्याकडे दिवा नाही तो शेवटपर्यंत अंधारात राहतो. म्हणून आपल्या देशात ती वस्तू वीतभरच राहिली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. खोदाई वाचवायला कुणी ती उंचावू नये.

आता त्या माथ्यावर लोक उभे करा. गावाकडे जाणारा फाटा फार वेळा माथ्यावरच फुटतो, कारण कोकणात वाड्यांकडे जाणाऱ्या वाटा सड्यावरून, म्हणजे वरच्या जांभ्याच्या पठारावरून, निघतात. फाटा आला की एसटीचा थांबा आला, चहाची टपरी आली, रिक्षा आल्या. शाळेची मुलं तिथेच रस्ता ओलांडतात. त्या मुलांपैकी एकाच्या डोळ्यांतून बघा. त्यालाही कडच दिसते आणि कडेला लागून आकाश. गाडी त्याला दिसत नाही, कारण गाडीला तो दिसत नाही. नजर दोन्हीकडून एकाच रेषेने जाते. थांबा माथ्यावरून काढून पलीकडे दोन-अडीचशे मीटरवर नेला तर त्याच रस्त्यावर, काहीही न खोदता, दोघांना एकमेकांसाठी वेळ मिळतो.

वळणाचंही तसंच. माथा ओलांडताच लगेच वळण असेल तर चालकाला ते उशिरा कळतं. वळण माथ्याच्या आधीच सुरू केलं तर रस्ता कुठे वळतोय हे तो चढतानाच ओळखतो. माथ्यापलीकडे रस्त्याकडेच्या झाडांचे शेंडे दिसत असतील तर तेही वाट सांगतात. विजेचे खांब मात्र पुष्कळदा फसवतात. ते सरळ शेतातून जातात आणि रस्ता वळलेला असतो. आणखी एक फसवणूक म्हणजे लांबच्या चढाचं दर्शन. समोर अर्धा किलोमीटर मोकळा दिसतो, पण मधल्या खोलगट भागात एक मोटार लपलेली असते.

एवढं सगळं बघून कापा सगळे माथे, असं म्हणावंसं वाटेल. तिथेही सावकाश. कोकणात वरचा जांभा टणक असतो, त्याखाली मऊ चिकण थर असतो, आणि पावसाचं पाणी त्यात शिरलं की उभा काप टिकत नाही. चौपदरीकरणाच्या काळात परशुराम घाटात दरडी कोसळल्या हे आपण पाहिलं आहे. एका माणसाला पुढचं दिसावं म्हणून वरच्या वस्तीचा पाया हलता कामा नये. चौपदरी झाल्यावर समोरच्या गाडीची भीती संपली असंही समजू नका. दुभाजकातली मोकळी जागा दोन किलोमीटर दूर असली की शेतावर जाणारी मोटारसायकल उलट्या बाजूने येते. चौपदरीसाठीच्या आपल्या मानकांतही शक्य तिथे दुप्पट अंतर द्यायला सांगितलं आहे, आणि ते नुसतं छापलेलं राहू नये.

शेवटी तुमच्या माथ्याकडे या, जो तुम्ही सुरुवातीला मनात आणला होता. मोठ्या रस्त्यांच्या कडेला दर दोनशे मीटरवर एक छोटा दगड असतो. एखाद्या दुपारी रस्त्यापासून दूर, सुरक्षित जागी उभं राहून बघा, माथ्यावरून येणारी गाडी किती अंतरावर दिसू लागते. दोनशेच्या आत दिसत असेल आणि तिथे फाटा, थांबा किंवा शाळा असेल, तर ते अंतर आणि ती जागा लिहून सार्वजनिक बांधकाम विभागाला अर्ज द्या, ग्रामसभेत ठराव घ्या. मागणी मोठी नको: थांबा हलवा, रेघ ताजी करा, माथ्यापलीकडचे खड्डे आधी बुजवा, पुढच्या वेळी रस्ता रुंद कराल तेव्हा हा दीड मीटर काढा.

आणि कधी तुमची गाडी चढावर बंद पडली, तर निघण्यापूर्वी चाकामागचे दगड, मागे मांडलेले दगड, सगळे मोजून उचला आणि डांबराच्या बाहेर टाका.